शवविच्छेदनाचा अहवाल कसा वाचावा

घरातल्या माणसाचा अकस्मात मृत्यू होतो, पोलीस आकस्मिक मृत्यूची नोंद करतात आणि काही दिवसांनी किंवा काही आठवड्यांनी शवविच्छेदनाच्या अहवालाची छायाप्रत नातेवाइकांच्या हाती येते. पुण्यात शिवाजीनगरच्या न्यायालयात फौजदारी वकिली करताना मी पाहत आलो आहे की, ती प्रत हाती येताच जवळजवळ प्रत्येक जण शेवटचे पान उलटतो आणि ‘मृत्यूचे कारण’ ही एकच ओळ वाचून कागद मिटतो. ती ओळ म्हणजे डॉक्टरांचे मत असते. ते मत ज्यावर उभे असते, ते डोळ्यांनी पाहिलेले आणि पट्टीने मोजलेले वर्णन आधीच्या पानांवर असते, आणि उलटतपासात मत डळमळले तरी नीट लिहिलेले वर्णन टिकते. गुन्ह्याच्या तपासात न्यायवैद्यकशास्त्राचे खरे बळ त्या वर्णनातच आहे. म्हणून हा अहवाल पहिल्या पानापासून कसा वाचावा, कोठे थांबावे आणि पोलिसांना काय विचारावे, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

अहवालाच्या आधीचा कागद

अहवाल उघडण्यापूर्वी मरणोत्तर पंचनामा मिळवा. आत्महत्या, अपघात किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली (१ जुलै २०२४ पूर्वीच्या कायद्यात हे कलम १७४ होते) पोलिसांनी पंचांसमक्ष मृतदेह पाहून हा पंचनामा करायचा असतो. मृतदेह कोणत्या स्थितीत होता, अंगावर कोणते कपडे होते, वरवर कोणत्या जखमा दिसल्या आणि पंचांना मृत्यूचे कारण काय वाटले, हे त्यात लिहिलेले असते. पोलीस कोठडीत किंवा कारागृहात मृत्यू झाला असेल तर चौकशी दंडाधिकाऱ्यांकडे जाते. लग्नाला सात वर्षे होण्याच्या आत विवाहितेने आत्महत्या केली असेल किंवा तिच्या मृत्यूबाबत रास्त संशय असेल, तर मृतदेह वैद्यकीय तपासणीसाठी पाठवणे पोलिसांना बंधनकारक आहे, आणि तिच्या नातेवाइकाने तशी विनंती केली तरीही ते बंधनकारक ठरते. माहेरच्या माणसांना ही तरतूद ठाऊक नसते. विनंती तोंडी न करता लेखी करावी.

कायदेशीर शवविच्छेदनाला नातेवाइकांची संमती लागत नाही, त्यामुळे ‘आम्हाला चिरफाड नको’ या म्हणण्यावर ते थांबत नाही. पुणे शहरातील बहुतेक प्रकरणे ससून सर्वसाधारण रुग्णालयाच्या शवागारात जातात, तेथे बै. जी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा न्यायवैद्यकशास्त्र विभाग हे काम पाहतो. पिंपरी-चिंचवडकडची प्रकरणे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात जातात. रात्री विच्छेदन का केले नाही, असा राग नातेवाइकांना येतो. केंद्र सरकारने १५ नोव्हेंबर २०२१ रोजी सूर्यास्तानंतर विच्छेदनाला परवानगी दिली, हे खरे आहे, परंतु खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेला मृतदेह किंवा घातपाताचा संशय असलेली प्रकरणे त्यातून वगळली आहेत आणि कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न असेल तरच त्यांना अपवाद आहे. कातडीवरचा फिकट रंग उजेडात नीट ओळखू येतो, हे लक्षात घेतले तर ही थांबायची वेळ कुटुंबाच्या हिताचीच असते.

पंचनामा आणि अहवाल शेजारी शेजारी ठेवून आधी साध्या गोष्टी जुळवा. मृतदेह कोणी ओळखला, तो शवागारात केव्हा पोहोचला, विच्छेदन केव्हा सुरू झाले आणि केव्हा संपले, कपड्यांचे वर्णन दोन्हीकडे सारखे आहे का, हे पाहा. पंचनाम्यात फाटलेला सदरा असेल आणि अहवालात कपड्यांचा उल्लेखच नसेल, तर तो सदरा सीलबंद होऊन कोणाकडे गेला हा पहिला प्रश्न तेथेच उभा राहतो.

मृत्यूची वेळ सांगणारी वाक्ये

अहवाल बहुधा इंग्रजीत असतो. ‘रायगर मॉर्टिस’ म्हणजे मृत्यूनंतर स्नायूंना येणारी ताठरता. आपल्याकडील हवामानात ती साधारण एक ते दोन तासांत पापण्या आणि जबड्यापासून जाणवू लागते, बारा तासांच्या सुमारास सर्वांगाला येते आणि पुढे त्याच क्रमाने ओसरते. एप्रिल-मेमध्ये ती लवकर येते आणि लवकर जाते, डिसेंबर-जानेवारीत रेंगाळते, आणि मृतदेह शीतपेटीत ठेवला असेल तर सगळेच गणित बदलते. म्हणून वेळेबाबत डॉक्टर ‘सहा ते बारा तास’ असे अंतर लिहितात. असे अंतर पाहून त्यांनी मोघम लिहिले असे समजू नये. मिनिटावर बोट ठेवणाऱ्या मताची मात्र शंका घ्यावी.

‘पोस्टमॉर्टेम लिव्हिडिटी’ हा शब्द दिसला की थांबा. रक्ताभिसरण बंद पडल्यावर रक्त शरीराच्या खालच्या बाजूला उतरते आणि तेथे कातडीवर जांभळट डाग उमटतात. काही तासांनी हे डाग पक्के होतात, आणि त्यानंतर मृतदेह उलटवला तरी ते जागचे हलत नाहीत. मृतदेह पालथा सापडल्याचे पंचनामा सांगत असेल आणि पक्के झालेले डाग पाठीवर असल्याचे अहवाल सांगत असेल, तर मृत्यूनंतर बराच वेळ तो उताणा होता आणि मग कोणीतरी त्याला हलवले, असा त्याचा अर्थ निघतो. हलवणारा गुन्हेगारच असेल असे नाही, शेजारी धावून आले असतील. पण कोणी, केव्हा हलवले याचे उत्तर जबाबांत सापडलेच पाहिजे.

याच ओळीत रंगही लिहिलेला असतो. डाग जांभळट नसून लालभडक किंवा गुलाबी आहेत असे लिहिले असेल आणि माणूस बंद न्हाणीघरात सापडला असेल, तर तेथे गॅसचा गीझर होता का हे लगेच विचारा. हवा खेळती नसलेल्या न्हाणीघरात असा गीझर चालू राहिला की कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला ना रंग ना वास, आणि तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. पुण्यात थंडीच्या दिवसांत असे मृत्यू घडलेले आहेत. अशा वेळी रक्तात कार्बोक्सिहिमोग्लोबिनची, म्हणजे हिमोग्लोबिनला चिकटलेल्या कार्बन मोनॉक्साइडची, तपासणी मागितली होती का, हे पाहावे. गीझर काढून टाकण्यापूर्वी त्याची आणि खिडकीची छायाचित्रे घेऊन ठेवावीत, कारण घरातील माणसे दुःखाच्या भरात तो आधी फेकून देतात.

सतरावा रकाना

महाराष्ट्रात वर्षानुवर्षे चालत आलेल्या छापील नमुन्यात बाहेरील जखमा सतराव्या रकान्यात लिहितात. न्यायालयात ‘कॉलम सतरा’ म्हटले की वकील आणि न्यायाधीश दोघेही तेच पान काढतात. एकोणिसाव्या रकान्यात डोके, विसाव्यात छाती आणि एकविसाव्यात पोट यांची आतली तपासणी असते. नमुना वेगळा असला तरी बाहेरच्या जखमा आणि आतल्या जखमा अशी विभागणी तुम्हाला सापडेल.

प्रत्येक जखमेपुढे जखमेचा प्रकार, नेमकी जागा, लांबी-रुंदी-खोली, कडा आणि रंग एवढे असायला हवे. ‘अ‍ॅब्रेजन’ म्हणजे खरचटणे, ‘कंट्यूजन’ म्हणजे मुका मार, ‘लॅसरेशन’ म्हणजे बोथट वस्तूच्या आघाताने फाटलेली जखम, ‘इन्साइज्ड’ म्हणजे धारदार वस्तूने कापलेली, आणि ‘स्टॅब’ म्हणजे भोसकलेली, जिची खोली लांबी-रुंदीपेक्षा जास्त असते. ‘सीएलडब्ल्यू’ ही अक्षरे फाटलेल्या जखमेसाठी वापरतात. साक्षीदार कोयत्याच्या धारेचा वार सांगतो आणि रकान्यात सीएलडब्ल्यू असते, तेव्हा बचाव पक्ष तेवढ्यावरच उभा राहतो.

येथे एक फसगत नेहमी होते. डोक्याच्या कातडीखाली लगेच कवटीचे हाड असते, त्यामुळे काठी किंवा दगड बसला तरी ती कातडी हाडावर ताणून सरळ रेषेत फाटते आणि जखम कापल्यासारखी दिसते. फरक भिंगातून कळतो. धारेने कापले असेल तर केस स्वच्छ तुटलेले असतात. बोथट मार असेल तर केसांची मुळे चेचलेली असतात, कडा बारकाईने पाहिल्यास खरबरीत आणि ठेचलेल्या असतात, आणि जखमेच्या तळाशी न तुटलेल्या ऊतींचे बारीक धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पुलासारखे ताणलेले दिसतात. हे धागे ज्या डॉक्टरांनी लिहून ठेवले, त्यांनी हत्याराचा अर्धा प्रश्न सोडवलेला असतो. डोक्याच्या जखमेपुढे केस आणि कडा यांविषयी एकही शब्द नसेल, तर तपास अधिकाऱ्यामार्फत खुलासा मागवण्याजोगी ती जागा आहे.

मुक्या माराच्या रंगावरून त्याचे वय ढोबळमानाने कळते. ताजा मार लालसर असतो, मग निळसर होतो, चौथ्या दिवसाच्या सुमारास तपकिरी, पाचव्या-सहाव्या दिवशी हिरवट, त्यानंतर पिवळट, आणि साधारण दोन आठवड्यांत कातडी पूर्ववत होते. एकाच शरीरावर निळे, हिरवे आणि पिवळे व्रण एकत्र नोंदलेले असतील तर मार एका दिवशीचा नाही, हे न बोलताही कागद सांगतो. विवाहितेच्या छळाच्या प्रकरणांत मी ही ओळ सर्वांत आधी शोधतो. हाताच्या पंज्यावर आणि पुढच्या हाताच्या कडेला वार असतील तर ते वार अडवताना झालेले असू शकतात, म्हणजे माणूस शुद्धीवर होता आणि त्याला हल्ला दिसत होता. जखम जिवंतपणीची आहे की मृत्यूनंतरची, हेही लिहिलेले असावे.

आता सतराव्या रकान्यातील प्रत्येक जखमेचा जोडीदार आतल्या रकान्यांत शोधा. ही सवय मला एका चुकीने लावली. वकिलीच्या पहिल्या वर्षांत माझ्याकडे जिन्याच्या पायथ्याशी मृतावस्थेत सापडलेल्या एका वृद्धाचा मुलगा आला. त्याचा संशय शेजाऱ्यावर होता. सतराव्या रकान्यात कोपरावरच्या खरचटण्याखेरीज काही नव्हते आणि मृत्यूचे कारण मात्र डोक्याची इजा असे होते. डॉक्टरांनी काहीतरी लपवले, असा निष्कर्ष काढून मी शेजाऱ्याविरुद्ध अर्जाचा मसुदा लिहून मोकळा झालो. माझ्या ज्येष्ठ वकिलांनी तो बाजूला ठेवला आणि एकोणिसाव्या रकान्यावर बोट ठेवले. डोक्याच्या मागच्या बाजूला कातडीखाली रक्त साकळलेले होते, जे केसांमुळे बाहेरून दिसत नाही, आणि मेंदूची इजा मात्र पुढच्या भागात होती. स्थिर डोक्यावर कोणी प्रहार केला तर मेंदूला मुख्यतः माराच्या खालीच इजा होते. चालते डोके जमिनीवर आपटले तर विरुद्ध बाजूचा मेंदू अधिक दुखावतो. त्या कागदावर पाठीमागे पडल्याची खूण होती आणि मी एका निरपराध माणसाचे नाव लिहून बसलो होतो. मुलाला हे समजावून सांगायला एक तास लागला. त्यानंतर तो शांतपणे उठला आणि त्याने शेजाऱ्याचे नाव पुन्हा काढले नाही.

गळ्यावर खूण असेल तर गळ्याचे थरागणिक विच्छेदन केल्याची नोंद आहे का, एवढे पाहा. जळालेल्या मृतदेहाच्या श्वासनलिकेत काजळी आढळली असेल तर आग लागली तेव्हा माणूस श्वास घेत होता. हातपाय आखडून मुठी वळलेल्या दिसतात, तो मात्र उष्णतेचा परिणाम असतो, झटापटीचा पुरावा नव्हे. मुठा नदीतून किंवा खडकवासला धरणाच्या पाण्यातून काढलेल्या मृतदेहाच्या अस्थिमज्जेत डायटम, म्हणजे पाण्यातील सूक्ष्म शेवाळ, शोधले असेल, तर त्याच ठिकाणच्या पाण्याचा नमुना तुलनेसाठी पाठवला होता का, हे विचारा. त्या नमुन्याशिवाय त्या चाचणीचे मोल फार कमी होते.

‘व्हिसेरा राखून ठेवला’

आता शेवटच्या पानावर या. ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ एवढेच कारण लिहिले असेल तर ते अपुरे आहे. हृदय आणि श्वास प्रत्येक मृत्यूत थांबतात, ते कशामुळे थांबले हे कारण असते. खून, आत्महत्या की अपघात, हे मात्र डॉक्टरांनी ठामपणे सांगावे अशी अपेक्षा धरू नका. ते ठरवणे तपासाचे आणि अखेर न्यायालयाचे काम आहे.

पुष्कळदा तेथे ‘मत राखीव, व्हिसेरा राखून ठेवला’ असे असते. व्हिसेरा म्हणजे तपासणीसाठी काढून ठेवलेले आतल्या अवयवांचे भाग. जठर व त्यातील अन्न, लहान आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंड आणि प्लीहा यांचे भाग काचेच्या बरण्यांत, ज्यात आणखी मीठ विरघळणार नाही इतके मीठ घातलेल्या पाण्यात ठेवतात. वायू साठून बरणी फुटू नये म्हणून ती दोन तृतीयांशच भरतात, आणि वापरलेल्या द्रावणाचा कोरा नमुनाही सोबत देतात. हृदयविकाराची शंका असेल तर हृदयाचा भाग फॉर्मलिन या टिकवणाऱ्या द्रावणात वेगळा ठेवून सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीसाठी जातो. फॉर्मलिनमधला भाग विष शोधायला उपयोगी पडत नाही, म्हणून कोणता अवयव कशात ठेवला ही ओळ किरकोळ समजू नका. सीलबंद बरण्या गणेशखिंडच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात. तेथून येणाऱ्या कागदाला पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात आजही ‘सी. ए. रिपोर्ट’ (केमिकल अ‍ॅनलायझरचा, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल) म्हणतात. बरण्या कोणत्या तारखेला कोणाच्या हातून गेल्या आणि पोहोचल्या तेव्हा सील शाबूत होते का, हे त्याच्या वरच्याच भागात असते.

प्रयोगशाळा ‘सर्व विषे’ एका झटक्यात शोधत नाही. सोबतच्या पत्रात कशाचा संशय आहे हे लिहिलेले असेल तर शोधाला दिशा मिळते. म्हणून घरात सापडलेला कीटकनाशकाचा डबा, औषधाच्या पट्ट्या, उलटीने माखलेले कापड यांतले काहीही धुऊ किंवा टाकू नये. पंचनाम्यात लिहून ते जप्त करायला लावावे.

अहवालात ‘विष आढळले नाही’ असे आले की नातेवाईक हताश होतात आणि आरोपी निश्चिंत होतात. दोघांनीही पुण्याचेच एक प्रकरण लक्षात ठेवावे. १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये लक्ष्मीबाई कर्वे या विधवा बाईंना त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. अनंत चिंतामण लागू रात्रीच्या गाडीने पुण्याहून मुंबईला घेऊन निघाले. पहाटे त्या बेशुद्धावस्थेत गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल झाल्या, तेही खोट्या नावाने, आणि त्याच दिवशी वारल्या. विच्छेदन बऱ्याच दिवसांनी झाले आणि रासायनिक तपासणीत कोणतेही विष सापडले नाही. मधुमेहाच्या मूर्च्छेने मृत्यू झाला, असा बचाव होता. परंतु खोटे नाव, मृत्यू लपवणे, बाई जिवंत असल्याचे भासवणारी पत्रे आणि त्यांची मालमत्ता हडपणे ही साखळी अखंड होती. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ च्या डिसेंबरमध्ये बहुमताने डॉ. लागूंची खुनाबद्दलची शिक्षा कायम ठेवली. काही विषे शरीरात विघटित होतात, काही उडून जातात, काहींसाठी वेगळीच चाचणी लागते. त्यामुळे ‘आढळले नाही’ याचा अर्थ ‘दिले नाही’ असा होत नाही, आणि मग परिस्थितीजन्य पुराव्याचे ओझे वाढते.

सी. ए. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी अंतिम मत द्यायचे असते, पण त्यासाठी तो रिपोर्ट त्यांच्यासमोर ठेवावा लागतो. पुष्कळ फायली नेमक्या येथे अडतात. रिपोर्ट ठाण्यात येऊन पडलेला असतो आणि अहवालावर मत राखीवच राहते.

खुलासा कसा मागावा

जप्त हत्याराने या जखमा होऊ शकतात का, असे पोलीस डॉक्टरांना लेखी विचारतात आणि डॉक्टर सील उघडून हत्यार पाहून उत्तर देतात. असे विचारले गेले का, हे तपासा. जखम निसर्गक्रमाने मृत्यू घडवून आणण्यास पुरेशी होती का, हा प्रश्नही त्याच पत्रात असायला हवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ मध्ये खुनाची व्याख्या करताना हेच शब्द आले आहेत, आणि विरसा सिंग प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या १९५८ च्या निकालापासून त्यांच्यावर खटले तरले किंवा बुडाले आहेत. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार आणि अहवाल यांत किरकोळ तफावत असेल तर घाबरू नका. वैद्यकीय पुराव्याने साक्षीदाराची हकिकत पूर्णपणे अशक्य ठरत असेल तरच ती बाजूला पडते, असे सर्वोच्च न्यायालयाने सोलंकी चिमणभाई प्रकरणात १९८३ मध्ये सांगितले आहे.

विच्छेदनाविषयीच गंभीर शंका असेल तर ती अंत्यसंस्कारापूर्वी मांडावी लागते. दफन झाले असेल तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने मृतदेह बाहेर काढून तपासता येतो. वैकुंठ स्मशानभूमीत अग्नी दिल्यानंतर मात्र बरण्या, छायाचित्रे आणि कागद एवढेच हाती उरते. त्यामुळे डॉक्टरांच्या समितीकडून, चित्रीकरणासह विच्छेदन हवे असेल तर शवागाराबाहेर उभे असतानाच तसा अर्ज तपास अधिकाऱ्याला द्या.

अर्ज एका पानाचा असावा. आकस्मिक मृत्यूचा नोंदणी क्रमांक, अहवालाचा क्रमांक व तारीख, ज्या रकान्याविषयी शंका आहे त्याचा क्रमांक आणि त्यातील मूळ शब्द, आणि त्याखाली एक नेमका प्रश्न लिहा. ‘फेरतपास व्हावा’ असे मोघम मागणे फायलीत दबून जाते, तर ‘एकोणिसाव्या रकान्यातील रक्तस्राव सतराव्या रकान्यातील जखम क्रमांक दोनशी संबंधित आहे का, याबाबत वैद्यकीय अधिकाऱ्यांचे मत घ्यावे’ या वाक्याला लेखी उत्तर द्यावे लागते. अर्जाच्या दोन प्रती न्या, दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या, आणि ती प्रत अहवालाच्या छायाप्रतीला टाचून ठेवा.